मांडीपर्यंत न पोचलेली सुई

मी एक सुई बोलतेय. माझी अक्कल किती ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको. ज्या एका दिवसासाठी माझा जन्म झाला, त्या दिवशी मी घरी खिळ्याला लटकून होते. आणि मला वाईट वगैरे काही वाटत नव्हतं. उलट मनात म्हटलं, चला, आज सुट्टी.

तशी मी नुसती सुई नाही. वीतभर प्लॅस्टिकची नळी, आत ॲड्रेनलिन नावाचं औषध, औषधामागे ताणून बसवलेली स्प्रिंग आणि पुढे तोंड लपवून मी. कारखान्यात स्प्रिंग एकदा ताणली ती ताणलीच. त्यामुळे वरून शांत दिसत असले तरी आतून मी कायम दातओठ खाऊन बसलेली. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना हे वेगळं समजवायला नको.

काही माणसांना एखादी माशी चावली किंवा एखादा पदार्थ सोसला नाही, की त्यांचं अंग बिथरतं. घसा सुजतो, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मला झटकन मांडीत टोचायचं. कपड्यावरून टोचलं तरी चालतं. मग डॉक्टरांकडे पोचेपर्यंत माणसाला थोडा वेळ मिळतो. मला येतं ते एवढंच. ताप उतरवता येत नाही आणि बटणही लावता येत नाही.

औषधाच्या दुकानातून मी एका सुताराच्या घरी आले. आदल्या वर्षी त्याला गांधीलमाशी चावली होती आणि तो जाता जाता वाचला होता. आरोग्य केंद्रातल्या नर्सने बजावलं होतं की अशा सुया दोन ठेवायच्या. पण दुकानात मी एकटीच शिल्लक होते, दुसरी मागवलेली होती. माझ्यासोबत एक भाऊबंद मात्र मिळाला. दिसायला हुबेहूब मी, पण आत सुई नाही, औषध नाही. दाबला की नुसता खटका वाजायचा. तो सरावासाठी होता. घरात त्याचं नाव पडलं डमी, आणि मला सुतार मॅडम म्हणायला लागला.

"मॅडमना घेतलंत ना बरोबर?" सकाळी बायको विचारायची.

"घेतलंय. त्या पुढे, मी मागे."

या कौतुकाने मी चढून गेले होते. डमीला मी येताजाता टोमणे मारायची, की बाबा, तुझ्या पोटात आहे तरी काय.

सुताराची बायको घरी शिलाई करायची. कामाला चोख. काजाचा एक टाका वाकडा गेला तर सगळा उसवणारी. तिने दर रविवारी सराव ठेवला होता. चहा झाला की सुताराला चटईवर झोपवायचं आणि मायलेकींनी आळीपाळीने त्याचा जीव वाचवायचा.

"कोणाला चावलं?" बायको विचारायची.

"मलाच. दर रविवारी मलाच चावतंय. एखादा रविवार तू घे की."

"बोलू नका, तुमचा श्वास अडकलाय."

"मग उरलेला चहा कोण पिणार?"

"बाबा, हलू नका ना," मुलगी म्हणायची. ती एकोणीस वर्षांची होती आणि बापाच्याच कारखान्यात पॉलिशचं काम करायची. टोपी काढायची, मांडीला टेकवायचं, खटका येईपर्यंत दाबायचं, दहा मोजायचे, फोन करायचा. डोळे मिटून करायची पोर.

मला एका लाल कापडी पिशवीत ठेवलं होतं. एका रविवारी बायकोला वाटलं की ऐनवेळी पिशवीचं बटणच उघडलं नाही तर काय करायचं. सराव करायचा तर पिशवीसकट करायला हवा. म्हणून तिने डमीलाही तशीच पिशवी शिवली. तेच कापड, तेच बटण, तीच शिवण. दोन्ही पिशव्या शेजारी धरून तिने त्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि म्हणाली, "कुठली कोणाची ते मलाही सांगता येणार नाही." केवढा अभिमान होता तिला त्याचा.

रविवारपुरती डमीची पिशवी दाराजवळच्या खिळ्याला लागायची आणि माझी मशीनजवळच्या. सराव संपला की अदलाबदल. त्या रविवारी सराव संपतोय तोवर कोट घालून बघायला एक गिऱ्हाईक आलं. बायको टेप घेऊन उठली. मुलगी कप घेऊन आत गेली. सुतार चटई गुंडाळत पुटपुटला, "मी बदलतो पिशव्या." तेवढ्यात गिऱ्हाइकाने त्याला विचारलं की आमचं कपाटाचं दार घासतं, काय करावं. दारांविषयी त्याला काही विचारलं की संपलं. अर्धा तास बिजागऱ्या चालल्या. पिशव्या तशाच राहिल्या.

त्याचं ते पुटपुटणं फक्त मी ऐकलं.

सोमवारी सकाळी त्याने दाराजवळची पिशवी काढून खांद्याला लावली. "मॅडम, चला," म्हणाला. मी मशीनजवळून बघत होते. मला हसूच आलं. म्हटलं, फिरून ये बाबा डमी, मी जरा लोळते.

पुढचं सगळं मला नंतर डमीने सांगितलं.

दुपारी सुताराने कारखान्याच्या मागची जुनी फळी उचलली. खाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. मानेवर दोन डंख बसले. तो स्वतःच म्हणाला, "चावली गं." मुलीने पॉलिशचा कागद टाकला आणि त्याला जमिनीवर झोपवलं. पाय लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवले. पिशवी उघडली, टोपी काढली, मांडीला टेकवलं, दाबलं. खटका वाजला. दहा मोजले.

"शाबास," सुतार म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "हात हलका आहे तुझा. टोचलेलं कळलंही नाही."

ती हसली आणि तिने दवाखान्याच्या गाडीला फोन केला.

गाडी यायला वीस मिनिटं लागली. तिला वाटत होतं औषध आत गेलंय, आता उतरेल. ती त्याचा हात चोळत बसली. दवाखान्यात डॉक्टरांनी खूप केलं, पण उशीर झाला होता. त्यांनी विचारलं, "इंजेक्शन दिलं होतं का?" तिने मुठीतला डमी पुढे केला. डॉक्टरांनी तो फिरवून त्याच्यावरची ओळ वाचली आणि तो टेबलावर ठेवला. मग ती ओळ तिने वाचली. फक्त सरावासाठी. सुई नाही.

महिन्याभराने औषधाच्या दुकानातून फोन आला, "तुमची दुसरी सुई आलीय." बायको म्हणाली, "आता नको," आणि फोन ठेवून पुन्हा शिवायला बसली. बराच वेळ मशीन नुसतंच चालत होतं, खाली कापड नव्हतं.

लोक घरात वाटणीवरून भांडतात. या दोघी दोषावरून भांडायच्या.

"मी एकसारख्या शिवल्या. मीच."

"शिवल्यास म्हणून काय झालं? बदलायच्या मी होत्या. नेहमी मीच बदलते."

"तू कप विसळत होतीस."

"कप काय पळून जात होते का, आई?"

आणि मी खिळ्याला. मला माहीत होतं तो काय पुटपुटला होता. हेही माहीत होतं की तो असता तर कपाळावर हात मारून म्हणाला असता, अरे, माझ्याकडूनच राहिलं, त्या बिजागऱ्यांच्या नादात. एवढं एक वाक्य त्या दोघींना मिळायला हवं होतं. ते माझ्याकडे होतं आणि माणसांशी बोलायला मला तोंड नव्हतं. असतं तरी इतके दिवस मी ते टोमण्यांत घालवलं असतं म्हणा.

वर्ष गेलं. माझी मुदत संपली. मुलगी मला आणि डमीला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. तीच नर्स जेवायला बसत होती.

"टाकून द्यायचीय," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खरी कशी असते? मी कधी मारलीच नाही."

नर्सने डब्याशेजारचं संत्रं तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. "वरून दाब. खाली हात नको."

तिने टोपी काढली, टेकवलं, दाबलं. इतक्या दिवसांची ताणलेली मी एकदाची सुटले. धाडकन. मुलगी दचकून मागे सरली. संत्र्यातून रस आला.

"हिचा तर केवढा धक्का बसतो हाताला."

"बसतो."

"म्हणजे तेव्हा मला कळायला हवं होतं."

"कशावरून कळणार?" नर्सने डबा बंद केला. "तुझ्या हातात आम्ही खरी कधी दिलीच नव्हती. खोटीच तुझ्या ओळखीची. ते आमचं राहिलं, बाळ."

मुलगी खुर्चीत बसली. वर्षभरात पहिल्यांदाच ती अशी रडली की समोरच्याने नुसतं बसून राहावं. नर्स बसून राहिली. जाताना म्हणाली, "बुधवारी नवीन लोक येतात शिकायला. येशील?"

"बघते," मुलगी म्हणाली. पण डमीची लाल पिशवी तिने तिथेच काढून टाकली आणि नर्सकडून पिवळी चिकटपट्टी मागून त्याला डोक्यापासून पायापर्यंत पिवळा केला.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला हातात घ्या. तिच्यावरची ओळ वाचा. मुदत बघा. खोटी आणि खरी कधीच एका रंगात, एका जागी ठेवू नका. आणि वेळ आली तर बघू, उतरेल, असं म्हणत बसू नका. तिला टोचू द्या आणि लगेच गाडी बोलवा. आम्हाला जपून ठेवलेलं फार आवडतं, पण आमचं ऐकू नका.

आता मी केंद्राच्या टेबलावर आहे, रिकामी. थोड्या वेळाने सुयांच्या डब्यात जाईन. शेजारी पिवळा डमी आहे, तो बुधवारसाठी इथेच राहणार. जायच्या आधी त्याच्याशी दोन शब्द नीट बोलावे म्हटलं.

"शेवटी मीही टोचले रे," मी म्हटलं. "औषधाचा एक थेंबसुद्धा मागे ठेवला नाही."

डमी म्हणाला, "संत्रं वाचलं का?"