झालरीच्या झग्यातला जनरेटर

मित्रांनो, 'मी एक जुना जनरेटर आहे' अशी सुरुवात करायला मला फार आवडलं असतं. पण मला नीट जुनंही होऊ दिलेलं नाही. माझा पिवळा रंग अजून चकचकीत आहे, चाकांना परवापरवापर्यंत माती लागलेली नव्हती आणि हँडलवरचं प्लास्टिकही तसंच होतं. मी नुसता पडून पडून म्हातारा झालो. याचा मला राग आहे. हा राग मी आज बोलून दाखवणार आहे, तुम्ही ऐका किंवा ऐकू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझं इंजिन बसवलं, टाकी लावली, गॅसची नळी जोडायला बाजूला एक तोंड ठेवलं आणि पुढे एक बटण बसवलं. ते एका बाजूला फिरवलं की मी पेट्रोलवर चालतो, दुसऱ्या बाजूला फिरवलं की स्वयंपाकाच्या गॅसवर. दोन इंधनांवर चालणारा म्हणून माझी ऐट होती. शिवाय माझ्या अंगात एक छोटा पहारेकरी बसवला होता. माझ्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास, पण या पहारेकऱ्याला तो बरोबर कळतो. तो वायू आजूबाजूला साचला की पहारेकरी लाल दिवा लावतो आणि मला बंद पाडतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच गुणाबद्दल मी शिव्या खाल्ल्या आहेत.

दुकानात आम्ही तिघे शेजारी उभे होतो. एक नुसता पेट्रोलचा, एक माझ्या दुप्पट आकाराचा आणि मी. एके दिवशी तिथे तीन माणसं आली. एक दादा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा हा शांत माणूस. दुसरी त्याची बायको. ती घरी पडदे आणि अभ्रे शिवून देते आणि आख्खी गल्ली तिला वहिनी म्हणते. तिसरे वहिनीचे मामा. मामांना सगळं माहीत असतं. निदान त्यांचा तसा समज आहे.

दुकानातल्या बाईंनी पहिला प्रश्न अगदी योग्य विचारला. "घरात काय काय चालवायचंय?"

"सगळं!" मामा म्हणाले. "फ्रीज, गीझर, इस्त्री, मिक्सर. घ्यायचं तर दणदणीत घ्यायचं."

"नाही हो मामा," दादा हळूच म्हणाला. "आत्याचं मशीन चाललं तरी पुरे."

आत्या म्हणजे दादाची आत्या. तिची फुप्फुसं थकली होती आणि ऑक्सिजन देणारं मशीन दिवसरात्र तिच्या पलंगाशी घुरघुरत असे. वीज गेली की ते बंद. मग हाताशी एक छोटा सिलिंडर असे, पण तो थोडाच वेळ पुरायचा. म्हणजे मित्रांनो, मला आणलं ते एका बाईच्या श्वासासाठी. एवढं मोठं काम माझ्या वाट्याला आलं म्हणून मी त्या दिवशी खरंच हरखलो होतो.

बाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि नीट समजावून सांगितलं. गॅसवर ताकद थोडी कमी मिळते, पण तुमच्या कामाला भरपूर आहे. पेट्रोल टाकीत पडून खराब होतं, गॅस होत नाही. कधीतरीच लागणार असेल तर गॅसची सोय असलेला बरा. याच्यात तेल नाहीये, खोक्यात बाटली आहे, ती आधी ओता. महिन्यातून एकदा चालवून बघा. आणि घरात, व्हरांड्यात, दारात चालवायचा नाही. लांब, मोकळ्यावर. "ही लांब वायर सोबत घ्या, उपयोगी पडेल."

"वायर आहे की घरात," मामा म्हणाले. बाकीचं त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे. ते फोनवर कुणाला तरी माझा फोटो पाठवत होते.

आता त्या घराची रीत सांगतो. त्या घरात नवी वस्तू वापरत नाहीत, जपतात! पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं. बसलं की करकर वाजायचं, म्हणून कुणी बसायचंच नाही. ती खोली पाहुण्यांची. पाहुणे आले की ते अवघडून स्वयंपाकघरातच बसायचे. चांगले कप कपाटात, चांगली चादर पेटीत. आणि ज्या आत्याला दिवसभर पडून राहावं लागायचं, ती घराच्या अगदी मागच्या खोलीत. का, तर तिला 'त्रास नको' म्हणून. त्या खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसायची.

मी घरात आलो आणि वहिनीने पडद्याच्या उरलेल्या कापडातून माझ्यासाठी झगा शिवला. होय, झगा! खाली झालर लावलेला. निळ्या फुलांचा. मला कळेना, मी यंत्र आहे की लग्नघरातली करवली. मला घरातल्या बोळात, भिंतीशी उभं केलं आणि माझ्या डोक्यावर चक्क कुंडी ठेवली.

मामांनी टाकी पेट्रोलने काठोकाठ भरली. "तयारीत असलेलं बरं." आणि तेलाची बाटली? ती त्यांना खोक्यात सापडली खरी. फाटक फार दिवस कुरकुरत होतं. मामांनी माझं तेल फाटकाच्या बिजागऱ्यांना पाजलं! उरलेलं शिलाई मशीनला. फाटक लोण्यासारखं उघडायला लागलं आणि मामांनी गल्लीभर शेखी मिरवली. मी झग्याच्या आत कोरडाठाक उभा होतो.

दिवस गेले, ऋतू गेले. मला कुणी एकदाही सुरू केलं नाही. आलागेला विचारायचा, "हे काय?" वहिनी झालर उचलून दाखवायची आणि म्हणायची, "जनरेटर. अजून हातसुद्धा नाही लावला, अगदी नवा आहे." हे ती कौतुकाने सांगायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग ती दुपार आली. कोपऱ्यावरच्या विजेच्या डब्यात मोठा आवाज झाला आणि आख्ख्या भागाची वीज गेली. मागच्या खोलीतली घुरघुर थांबली. वहिनीने धावत जाऊन आत्याची नळी छोट्या सिलिंडरला लावली. दादा दुकानातून घरी पळत आला, मामाही पोचले. कुंडी उतरली, झगा निघाला, मला अंगणात आणलं. माझी वेळ आली होती!

मामांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. शर्टाच्या बाह्या वर करून ओढली. मी सुरू होणार कसा? तेल नसलं की मी सुरूच होत नाही, नाहीतर इंजिन जळून जाईल. मामांना धाप लागली. "मेलं पहिल्यापासून खराब आहे! तुम्हाला सांगत होतो, मोठं घ्या!"

खापर माझ्या डोक्यावर फुटलं. पण वहिनी माझ्याकडे टक लावून बघत होती. "मामा," ती म्हणाली, "याची तेलाची बाटली कुठंय?"

मामांनी फाटकाकडे पाहिलं. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं.

दादा गॅरेजकडे पळाला आणि तेल घेऊन आला. तेल पोटात गेलं, पण टाकीतलं पेट्रोल कधीच शिळं झालं होतं. मी नुसता खोकलो. तेव्हा वहिनीने शेगडीवरची अर्धवट शिजलेली भाजी उतरवली, गॅसचा सिलिंडर ओढत आणला, माझी नळी जोडली आणि बटण दुसऱ्या बाजूला फिरवलं. दुसऱ्याच झटक्याला मी सुरू झालो. काय सांगू मित्रांनो! इतक्या दिवसांनी माझं इंजिन धडधडलं आणि त्या धडधडीत मी सगळा अपमान विसरलो.

पण घरातली वायर आखूड निघाली. अंगणातून ती मागच्या खोलीपर्यंत पोचेना. मग मामांनी मला चालू स्थितीतच ढकलत बोळात आणलं, थेट आत्याच्या दारात. "आता पोचली बघ!" आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून पुढचं दारही लावून घेतलं.

मी ओरडत होतो. माझी भाषा म्हणजे धडधड, ती कुणाला कळणार? बोळात माझा धूर भरत होता. आत्याचं मशीन खोलीतलीच हवा ओढून, तीच गाळून तिला देतं. माझ्या धुरातलं विष गाळायला ते बनलेलंच नाही. ज्या श्वासासाठी मला आणलं, त्याच श्वासात विष कालवायला मला लावलं होतं! सांगा, संताप येणार नाही तर काय येईल?

माझ्यातला पहारेकरी जागा होता. लाल दिवा लागला आणि मी बंद पडलो.

"गेलं पुन्हा!" मामा म्हणाले आणि दोरी ओढली. मी सुरू झालो, थोडा वेळ चाललो, परत लाल दिवा, परत बंद. तिसऱ्यांदाही तेच. आता मामांची सहनशक्ती संपली. "हा लाल दिवाच नडतोय. याची वायर तोडून टाकतो, मग कसं चालत नाही बघू." ते पक्कड घेऊन माझ्यासमोर बसले.

मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. ती वायर तुटली असती, तर मी मुकाट्याने चालत राहिलो असतो आणि आत झोपलेली बाई झोपलेलीच राहिली असती.

वहिनीने तेवढ्यात भिंतीला हात टेकला. तिचं डोकं ठणकत होतं, पाय लटपटत होते. आतून आत्याचा आवाज आला, अगदी बारीक. "अगं, मला कसंतरीच होतंय गं. मशीन चालू असताना जास्त."

चालू असताना जास्त. ते शब्द ऐकले आणि वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

"मामा, हात लावू नका त्याला!" ती अशी कडाडली की मामांच्या हातातली पक्कड खाली पडली. "दुकानातल्या बाई घसा फोडून सांगत होत्या, घरात चालवू नका म्हणून! अहो, दारं उघडा, खिडक्या उघडा, सगळ्या!"

दादाने दारं सताड उघडली. आत्याला पुन्हा छोट्या सिलिंडरची नळी लावली. त्याचा काटा आता तळाशी टेकला होता. मला त्यांनी ढकलत अंगणाच्या टोकाला, फाटकाजवळ नेलं. पण वायर? ती तिथून पुढच्या खोलीपर्यंतच पोचत होती.

"आता काय करायचं?" दादा रडवेला झाला. "आत्यापर्यंत पोचत नाही गं ती."

आत्या दम घेत घेत बोलली. "अरे बाळा, वायर माझ्यापर्यंत येत नसेल, तर मला न्या की वायरीपर्यंत. मी काय भिंतीत चिणलेय?"

हे कुणाला सुचलंच नव्हतं! कारण पुढची खोली पाहुण्यांची. वहिनीने क्षणभर सोफ्याकडे पाहिलं आणि मग दोन्ही हातांनी त्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. दादाने आत्याला उचलून आणलं आणि मऊ गाद्यांवर निजवलं. मशीन शेजारी ठेवलं. अंगणाकडची खिडकी बंद केली, दार वायरीपुरतं किलकिलं ठेवलं आणि मागची खिडकी उघडली. मी फाटकाशी, धूर रस्त्याकडे सोडत, पुन्हा सुरू झालो. या वेळी लाल दिवा लागला नाही. संध्याकाळी वीज येईपर्यंत मी एकदाही थांबलो नाही.

डॉक्टर येऊन आत्याला तपासून गेले. बोळात मला कुठे ठेवलं होतं ते त्यांना दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "अजून थोडा वेळ गेला असता तर," आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी चष्मा पुसला.

आणि दुसऱ्या दिवशी मामा गल्लीत काय सांगत होते, ठाऊक आहे? "फालतू निघाला हो जनरेटर, तीनदा बंद पडला."

तीनदा! मी तीनदा बंद पडलो म्हणून ती बाई आज बोलते आहे. हे माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि त्याची गणना माझ्या दोषांत!

वहिनी सवयीने झगा धुऊन, इस्त्री करून घेऊन आली. आत्या पुढच्या खोलीतच होती. तिने मागे जायला साफ नकार दिला होता. खिडकीतून रस्ता बघत ती म्हणाली, "तो झगा इकडे दे. आणि कात्री दे." तिने स्वतःच्या हातांनी त्या निळ्या फुलांचे तुकडे केले आणि ते वहिनीच्या हातात ठेवले. "याने त्याचं तेल पूस. आणि दर महिन्याला माझ्यासमोर सुरू करून दाखव. ज्याच्या जिवावर माझा श्वास चालतो, त्याचा आवाज मला ऐकू आला पाहिजे."

आता महिन्यातून एकदा मी अंगणात धडधडतो. लांब वायर आली आहे. माझ्या चाकांना माती लागली आहे आणि मला ती फार शोभते.

मित्रांनो, मला निवडताना शेजाऱ्याकडे केवढा आहे ते बघू नका, आपल्या घरात कुणासाठी हवा आहे ते बघा. मला तेल द्या, मला चालवा, मला घराबाहेर ठेवा. झाकून ठेवण्याला जपणं म्हणू नका, मग ती वस्तू असो की माणूस. आणि कधी मी चालता चालता बंद पडलो, तर मला शिवी हासडण्याआधी एकदा मागे वळून बघा, त्या हवेत कोण श्वास घेतंय.