खुर्चीपर्यंत न पोचणारा खर्ज

प्रेबेनने दुसरा सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारी पेटी, खोक्यातून काढला, तेव्हा लिस्बेटने विणकाम मांडीवर ठेवून विचारलं की एकाला जे जमलं नाही ते दोघांना कसं जमणार. उत्तर त्याच्या जिभेवरच होतं. एकच पेटी असली की खर्ज खोलीत कुठे साचतो, कुठे आटतो. दोन ठेवल्या की एकीने सोडलेले खळगे दुसरी भरून काढते. लिस्बेट ‘बरं’ म्हणाली. तिचं हे ‘बरं’ प्रेबेन लग्नापासून ओळखून होता आणि ते त्याला तेव्हापासून झोंबत होतं.

स्कीवे शहराजवळच्या त्यांच्या गावात लिस्बेटने उभा जन्म चर्चचा ऑर्गन वाजवला होता. मग खुबा झिजला. शस्त्रक्रियेच्या आधीच्या रविवारी तिने निरोपाचं म्हणून वाजवलं, तेही दुखऱ्या पायानेच. रचनेचा शेवट एका लांब, अगदी खालच्या सुरावर होता आणि तो सूर ऑर्गनच्या पायपट्टीवर डाव्या पायाने दाबायचा होता. पाय बधिर झालेला, लोक उठू लागल्यामुळे बाकं करकरत होती. सूर लागला की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. प्रेबेनने सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं. घरी येऊन ऐकलं, तर शेवटी नुसते वरचे सूर. खाली काहीच नाही. पाय पोचलाच नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि त्यानंतर चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या कॉफीलाही जाणं सोडलं.

“मी सांगतो ना, आहे तो सूर,” प्रेबेन पुन्हा पुन्हा म्हणायचा. खोटं नव्हतं. त्याच्या चामडी खुर्चीत तो सूर स्वच्छ ऐकू येत होता. पण ती खुर्ची इतकी खोल, की नव्या खुब्याने त्यात बसले तर उठवायला क्रेन बोलवावी लागेल, असं लिस्बेटचं म्हणणं. हेडफोन चढवला की तिच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं. त्याने संगणकावर आलेख काढून तो सूर बोटाने दाखवला, तर ती म्हणाली, चित्र छान आलंय. तिची उंच पाठीची खुर्ची खोलीच्या मध्यावर, खिडकीच्या उजेडात होती, आणि ती विणकामासाठी तिथेच राहणार होती. हलायचंच असेल तर पेट्यांनी हलावं.

तर त्या शनिवारी प्रेबेनने खोलीभर रांगून जागा हेरली आणि दोन पेट्या टीव्हीच्या दोन बाजूंना, पाणसळ लावून, अगदी सारख्या अंतरावर ठेवल्या. त्या घरात मेणबत्त्यासुद्धा जोडीनेच उभ्या असत. पेट्या वाकड्यातिकड्या ठेवणं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. बटण दाबलं आणि होता तोही खर्ज गायब झाला. एक पेटी हवा ढकलत होती तेव्हा दुसरी ओढत होती. तारा उपसून, मागची कळ फिरवून ते भांडण मिटवण्यात दुपार गेली. खर्ज परत आला, पण त्याच्या खुर्चीत. तिच्या खुर्चीत ठणठणाट. आवाज वाढवला, खिडकीची काच थरथरली, तरी लिस्बेट नकारार्थी मान हलवत राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“तुला ऐकायचंच नाहीये,” तो शेवटी फाडकन बोलला.

लिस्बेटने सुया खाली ठेवल्या. “माझी समजूत काढणं पुरे झालं आता. नाही लागला सूर. मी ते मान्य केलंय, तूही कर.”

प्रेबेनला स्वतःचाच राग आला, आणि त्या दोन काळ्या ठोकळ्यांचा तर इतका आला की एकाला लाथ घालायला त्याने पाय उचललाही होता. तेवढ्यात बागेकडच्या दारातून मोगेन्स आत आला. मोगेन्स म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारी, निवृत्त नळकामवाला.

“मी चर्चला येत नाही म्हणून चर्चच माझ्या घरी पाठवताय का रे? तो शेवटचा सूर तेवढा आवरा. कपाटातल्या बश्या नाचतात माझ्या.”

“कुठला शेवटचा?” लिस्बेटने विचारलं.

“तो लांबलचक. खालचा. मी कप भरतो, साखर घालतो, ढवळतो, तरी त्याचं आपलं चालूच.”

मोगेन्सने आयुष्यात कुणाचं मन राखायला एक शब्द खर्च केला नव्हता. स्वतःच्या बहिणीच्या लग्नात त्याने नवऱ्यामुलाचा आवाज शेळीसारखा आहे असं भाषणात सांगितलं होतं. लिस्बेट काठी टेकत उभी राहिली आणि तिने नवऱ्याला विचारलं, पेट्यांची जागा तू ठरवलीस कशी?

तो घाईघाईने सांगू लागला. रीत सोपी असते. पेटी ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायची, वाजवायची आणि आपण गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे खर्ज उत्तम ऐकू येईल तिथे पेटी न्यायची, म्हणजे खुर्चीत बसलं की तो तसाच ऐकू येतो.

“आणि कुणाच्या खुर्चीत ठेवली होतीस?”

प्रेबेनने आपल्या चामडी खुर्चीकडे बोट दाखवलं. काखेत कळसा असतो तो असा.

मोगेन्सच्या मदतीने पेटी लिस्बेटच्या खुर्चीत, तिच्या विणलेल्या उशीवर चढली. प्रेबेन पुन्हा रांगायला लागला. टीव्हीजवळ काही नाही, कोपऱ्यात थोडं, आणि जिन्याखाली, जिथे चिखलाचे बूट ठेवत तिथे, छातीत घुमावा असा खर्ज.

“इथे? तार गालिच्यावरून जाईल. आणि जोडी मोडेल,” तो कळवळून म्हणाला.

“बूट हलव,” लिस्बेट म्हणाली.

पेटी बुटांच्या जागी गेली, दुसरी टीव्हीपाशी राहिली. मोगेन्स बश्या उतरवून ठेवायला घरी गेला. लिस्बेट खुर्चीत बसली. प्रेबेनने सुरू केलं आणि आपल्या खोल खुर्चीत जाऊन कान टवकारले. वरचे सूर आले, शेवट जवळ आला, आणि त्याच्या खुर्चीत नुसता ठणठणाट. सगळं मुसळ केरात, असं वाटून त्याने तिच्याकडे पाहिलं.

लिस्बेटने डावा पाय सपातेतून काढून जमिनीवर टेकला होता. डोळे मिटलेले होते. वरचे सूर संपेपर्यंत तिने तो पाय तसाच दाबून धरला, मग हळूच उचलला.

“किंचित उशिरा पडलाय,” ती म्हणाली. “पण पडलाय.”

“मला इथे काहीच ऐकू आलं नाही,” प्रेबेन म्हणाला.

“मी सांगते ना,” लिस्बेट म्हणाली, “आहे तो.”