भिजवलेल्या विटा

भांडगावच्या हरिबांच्या घरी दिवस उजाडायचा तो धुरानंच. अंगणात तांब्याचा बंब, त्यात ओली बाभळ, आणि फुंकून फुंकून मेटाकुटीला आलेली त्यांची बायको सोजराबाई. तिला दमा होता. "धुरापासून लांब राहा, नाहीतर जिवावर बेतेल," असं दौंडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हरिबांनी तिथं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कढत पाणी मागितलं. काय म्हणावं या माणसाला!

शेवटी सोजराबाईची धाकटी बहीण बानूबाई शिरूरहून पोतंभर विटा घेऊन एसटीनं आली. भुसा दाबून केलेल्या, जळणाच्या विटा. "दाजी, विटा आणल्यात, नीट ठेवा," एवढं सांगून ती बहिणीला घेऊन देवळात गेली.

हरिबा पडले गवंडी. नवी चूल घालायची असेल, असं समजून त्यांनी निम्म्या विटा सरळ पिंपात भिजत घातल्या! बहिणी परतल्या तेव्हा पिंपात नुसता लगदा होता.

"अवो दाजी, काय केलंत ह्ये!"

"तूच म्हणलीस ना विटा? इट भिजवल्याबिगर बसती व्हय?"

"जळणाच्या हायेत त्या!"

"भुशानं कुठं पाणी तापतंय? आपली बाभळच बरी. वीट आणलाय नुसता तुम्ही!"

आता मात्र बानूबाईचा संयम सुटला. "वीट माझ्या ताईला आलाय, दाजी, तुमच्या बाभळीचा! मोळी कोण आणतं?"

"सोजरा."

"बंब कोण फुंकतं?"

"तीच की."

"आन् पयली आंघोळ कुणाची?"

हरिबा पिंपातला लगदा ढवळायला लागले.

"मग उद्या तुम्हीच पेटवा तुमची बाभळ!"

सकाळी हरिबा मोठ्या तोऱ्यात बंबापाशी बसले. चार फुंकरा मारल्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या, ठसका थांबेना. तेवढ्यात सोजराबाई लगबगीनं आली.

"सरा बाजूला, म्या फुंकते."

तिची छाती भात्यासारखी वाजत होती, तरी हात फुंकणीकडंच! हरिबांनी फुंकणी मागं ओढली. इतकी वर्षं आपण हिच्याकडून हे करून घेतलं?

"न्हाई! तू लांब हो, सोजरा!"

त्यांनी बाभळ ओढून काढली, राहिलेल्या विटांतली एक कोरडी वीट फोडून निखाऱ्यावर ठेवली. धूर झाला, पण थोडाच. जाळ मात्र चांगला लागला, पाणीही तापलं.

"आजपास्नं बंब म्या पेटवनार," हरिबा म्हणाले. "आन् आधी तुझी आंघोळ."

वाचकहो, आपल्या घरीही गरम पाण्यासाठी कोणीतरी रोज धूर गिळत असेल. जळण बदलणं मुळीच अवघड नाही. फक्त एक दिवस फुंकणी आपल्या हाती घेऊन पाहा!