छत्तीस इंच

“नव्वद सेंटिमीटर म्हणजे छत्तीस इंच नव्हेत, मॅडम,” स्वल्पविराम उभे राहून म्हणाले, आणि चौदा खात्यांच्या चौदा माणसांनी उचललेली पेनं पुन्हा खाली ठेवली.

सह्या व्हायच्याच होत्या. चहाही दारापर्यंत आला होता. अध्यक्ष मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “फरक किती?”

“जवळजवळ दीड सेंटिमीटर. वर्णनात रुंदी सेंटिमीटरमध्ये आहे, जोडलेल्या तक्त्यात इंचांत. उद्या पुरवठादार यावरून भांडेल.”

“बघा ह्यांची नजर,” मॅडम इतरांना म्हणाल्या. विषय क्रमांक सात पुन्हा सगळ्या खात्यांकडे अभिप्रायाला पाठवायचं ठरलं. स्वल्पविराम खाली बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. कौतुकाची सवय नव्हती बिचाऱ्यांना.

त्यांचं हे नाव मीच पाडलं. परिषदेच्या कार्यालयात मी त्यांच्या समोरच्या टेबलावर टाइप करते. मी रुजू झाले त्याच आठवड्यात एका स्वल्पविरामापायी त्यांनी माझ्याकडून अख्खं पान पुन्हा टाइप करून घेतलं होतं. बैठकींची इतिवृत्तं तेच लिहायचे. वीस वर्षांत त्यांच्या इतिवृत्तात कुणाला खोट सापडली नव्हती, आणि त्यांना इतरांच्या कागदात सापडली नाही असा दिवस नव्हता.

आमचं काम बाहेर कुणाला सांगू लागलं की समोरच्याला जांभई येते. पूर्वी प्रत्येक खातं आपापल्या मर्जीने खरेदी करायचं, एकाच खुर्चीसाठी चौदा ठिकाणी चौदा नियम. त्या सगळ्यांची मोट बांधायला ही परिषद नेमली. आता एखाद्या वस्तूच्या वर्णनावर चौदाही खात्यांनी मान डोलावली तरच ती कुणालाही मागवता येते. एकानेही खुसपट काढलं की कागद पुन्हा पहिल्यापासून फिरतो. विषय क्रमांक सात होता हवेच्या गाद्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून छोट्या पंपावर आळीपाळीने फुगणाऱ्या आणि बसणाऱ्या गाद्या. चौदा खात्यांना जायची पत्रं मीच टाइप केली.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या ताईला पक्षाघात झाला.

ताईने त्यांना वाढवलं होतं. आई-वडील लवकर गेले. ताईने घरी शिवणाचं मशीन टाकलं, भावाला शिकवलं, स्वतःचं लग्न राहूनच गेलं आणि मग ह्यांनीही केलं नाही. दोघंच राहायचे. ताई सरकारी रुग्णालयात पडून होती. उजवी बाजू गेलेली, नाकातून नळी, बोलणं अडखळत. घरी नेण्यासारखी अवस्था नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण चाळीस खाटांना दोन सिस्टर. म्हणून हे कामावर येण्याआधी जायचे, मधल्या सुट्टीत जायचे, सुटल्यावर जायचे. मी कधीमधी हाताला हात म्हणून बरोबर असायची.

पहिली जखम दिसली तेव्हा मी तिथेच होते. माकडहाडावर, नाण्याएवढी.

“हवेची गादी नाही का हो मिळणार?” त्यांनी सिस्टरना विचारलं.

“येणार होत्या. पार यादीसुद्धा झाली होती कुठल्या खाटेला द्यायची त्याची.” सिस्टर पट्टी बांधता बांधता म्हणाल्या. “वर कुणीतरी शंका काढली म्हणे. अडलंय घोडं तिथंच.”

मी स्वल्पविरामांकडे पाहिलं नाही.

“मी बाहेरून आणून देतो,” ते म्हणाले.

“विजेवर चालणारं बाहेरचं काही वॉर्डात लावता येत नाही, काका. वरचा नियम आहे.”

तो नियमही आमचाच. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता, आणि एक शब्द बदलायला माझ्याकडून तिसऱ्यांदा टाइप करून घेतला होता.

त्या दिवसापासून स्वल्पविराम आमच्या ओळखीचे राहिले नाहीत. ज्या माणसाने कधी कुणाकडे शब्द टाकला नाही, तो फाइल काखेत मारून खात्याखात्याचे उंबरठे झिजवू लागला. “तेवढं चालवून घ्या,” असं ते कुणाला तरी फोनवर म्हणाले तेव्हा मी टाइप करायची थांबले. अकरा खात्यांनी होकार दिला. बाराव्याने विचारलं, रुंदी पाहताय तर जाडीही का पाहू नये? ते मॅडमकडे गेले. मॅडम वाईट नव्हत्या. “मी काय करू सांगा,” त्या म्हणाल्या, “सगळे आल्याशिवाय सही करायची नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.”

जखम तळहाताएवढी झाली. एका दुपारी आम्ही दोघांनी ताईंना कुशीवर वळवलं तशी त्यांनी चादर मुठीत धरली. स्वल्पविरामांना ताईंच्या पाठीमागे उभं राहूनच बोलायला जमलं असावं.

“ताई, गाद्या माझ्यामुळे अडल्यात. मी चूक काढली.”

“कसली?”

“रुंदीत फरक होता. दीड सेंटिमीटरचा.”

 ताई हळूहळू, एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, “म्हणजे बोटभर.”

“हो.”

“होता ना पण फरक? मग तुझं बरोबरच.” श्वास घेतला. “पण कापड कशाला थांबवलंस, वेड्या? बोटभर तर… शिवता शिवता घेता येतं आत.”

आणि त्या अर्ध्या तोंडाने हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ते बाहेर येऊन जिन्यात बसले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. मीही शेजारच्या पायरीवर बसले. पत्रं मीच टाइप केली होती ना.

जखमेतून विष अंगात पसरलं. त्या दुपारनंतर नवव्या दिवशी ताई गेल्या.

पुढच्या बैठकीपर्यंत उरलेली तीन खातीही राजी झाली, आणि विषय क्रमांक सात दोन मिनिटांत मंजूर झाला. रुंदी नव्वद सेंटिमीटर किंवा छत्तीस इंच, दोन्ही चालेल. इतिवृत्त त्यांनीच लिहिलं. मी ते टाइप केलं, तपासायला दिलं, आणि त्यांनी न वाचताच सही केली.

मधल्या सुट्टीत मात्र ते अजूनही नाहीसे व्हायचे. दीड महिन्याने एकदा तातडीच्या कागदासाठी मी त्यांना शोधत रुग्णालयात गेले. वॉर्डात गाद्या आल्या होत्या. ताईंच्या खाटेवर कुणी म्हातारी होती, आणि स्वल्पविराम सिस्टरबरोबर तिची कूस बदलत होते. कूस बदलून झाली. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. स्वल्पविरामांनी खिशातून ताईंची शिवणाची टेप काढली आणि आधी खाट मोजली, मग गादी.

खाट नव्वद सेंटिमीटर होती. गादी छत्तीस इंच. भिंतीकडच्या बाजूने ती बोटभर बाहेर आली होती.

“नीट बसली का रे?” म्हातारीने विचारलं.

“बसली, आजी,” ते म्हणाले. टेप गुंडाळून खिशात ठेवली, खाली वाकले, आणि बाहेर आलेली कड चादरीसकट आत दाबून घेतली.