चिमणीच्या दंडावरचं वर्तुळ

चिमणीने बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि आपला हात कप्तानच्या कोपराशेजारी आणून ठेवला.

"बघ ताई, मलाही तुझ्यासारखंच झालंय!"

आवाजात एवढा आनंद, जणू बक्षीसच लागलं होतं. ज्युदोच्या वर्गात येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. कप्तानसारखं चालायचं, कप्तानसारखे केस बांधायचे, हेच तिचं चाललेलं. आता कातडीसुद्धा! मॅटभोवती बसलेल्या मुली खुसखुसल्या. कप्तानची जोडीदार, जिला तिच्या उंचीमुळे सगळ्या शिडी म्हणत, तिने तर चिमणीचा दंड कुरवाळला.

"घाबरू नकोस गं. हे कुणाला लागत नाही. कप्तानला विचार, अख्खं भाषण ऐकवेल."

ते भाषण सगळ्यांना पाठ होतं. कप्तानच्या कोपरांवर पांढरट खपल्या धरल्या, तेव्हा याच मुली तिच्याशी जोडी करायला का-कू करत. पाण्याची बाटलीही लांब सरकवत. तिने बरेच दिवस निमूटपणे सोसलं आणि मग एकदा तिचं डोकंच फिरलं. दोन्ही बाह्या वर करून ती मॅटच्या मधोमध उभी राहिली.

"सोरायसिस म्हणतात याला. जंतू नाहीत की बुरशी नाही, माझंच शरीर घाईघाईने कातडी बनवतंय. लावा हात! कुणाला झालं तर मी खेळ सोडते."

पहिला हात शिडीनेच लावला होता. पुढे सगळं सुरळीत झालं आणि मुलींनी तिला कप्तान केलं.

आता कप्तानने चिमणीचा दंड उजेडाकडे वळवला. लाल वर्तुळ. कड उठलेली, मधली कातडी जवळजवळ साफ. शेजारी तसंच दुसरं, चिमुकलं.

"खाजतं?"

"खूप! घाम आला की तर विचारूच नकोस."

त्वचेच्या डॉक्टरांकडे कप्तानने इतक्या खेपा घातल्या होत्या की तिथल्या भिंतीवरची त्वचारोगांची चित्रं तिला डोळे मिटूनही दिसत. हे सोरायसिस वाटत नव्हतं. हे गजकर्ण दिसत होतं, आणि इथे तर दिवसभर अंगाला अंग घासतं.

पण बोलायचं कसं? "हिच्यापासून लांब राहा" हे तिने स्वतः ऐकलेलं, आणि आता ते तिच्याच तोंडून? शिवाय उद्या या मुली म्हणाल्या, हिचं लागतं तर कप्तानचंही लागत असेल, तर केलेलं सगळं पाण्यात. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर चिमणीचा रागही आला. आजचा दिवस गप्प बसावं का?

तेवढ्यात शिडी चिमणीला खेचत मॅटवर निघाली.

"थांब शिडे. सोड तिला. आणि आधी साबणाने हात धुऊन ये."

चिमणीचं तोंड एवढंसं झालं.

"हे माझ्यासारखं नाही," कप्तान म्हणाली. "गजकर्ण असावं. बुरशीचं असतं ते, आणि ते लागतं. मॅटवरून, कपड्यांवरून, टॉवेलवरून. आज मॅट धुऊन काढू. कुणाच्या अंगावर असं वर्तुळ असेल तर लाजू नका, बोला."

"पण तूच म्हणाली होतीस, लागत नाही!" शिडी कुरकुरली.

"माझं लागत नाही म्हणाले होते. ते तेव्हाही खरं होतं, आजही आहे. सगळे डाग एकाच माळेचे मणी नसतात बाई."

शिडीने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि ती हात धुवायला गेली. मागच्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणालं, "माझ्या पोटावरही आहे गं."

चिमणी भिंतीशी मुसमुसत होती. कप्तान तिच्याजवळ जाऊन बसली.

"मला काढून टाकणार?"

"वेडी का खुळी! आजच डॉक्टरांना दाखव. मलम देतील. डाग गेला वाटलं तरी ते सांगतील तोवर लावायचं. तेवढे दिवस मॅटवर नाही, बस. मग जाईल. पूर्ण जाईल."

चिमणीने नाक पुसलं.

"आणि तुझं कधी जाणार, ताई?"

"माझं नाही जात गं. कमी होतं, परत येतं."

चिमणीचे हुंदके थांबले. ती कप्तानच्या कोपराकडे बघत राहिली. नकळत तिचा हात तिकडे गेला, आणि तिने तो चटकन मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "तुला लागेल. मी बरी झाले की लावीन."