बेटावरच्या सहा दिवसांचा खर्च

त्यानं स्टीलची फूटपट्टी कागदावर ठेवली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबून धरली आणि सातवी आडवी रेघ मारली. वरच्या सहा ओळींत बस, बोट, हॉटेल, लॉज, जेवण आणि किनाऱ्यावरची छत्री बसली होती. सातव्या ओळीला काय नाव द्यावं ते सुचेना, म्हणून त्यानं नुसतं ‘इतर’ लिहिलं.

बस डेपोच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं नट-बोल्टांच्या नोंदी ठेवलेला हा माणूस. डेपोत त्याला मागून ‘फूटपट्टी’ म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी तोंडावर म्हणाले आणि भेट म्हणून हीच पट्टी दिली, वर लाल फीत बांधून. तिथं तो हसला होता. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, “मेल्यांना एकतीस वर्षांत एवढंच दिसलं.”

बायको टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हातांना मलम लावत बसली होती. पिवळ्या डबीतलं, औषधाच्या दुकानात मिळणारं सगळ्यात स्वस्त मलम. दर पहिल्या तारखेला किराण्याबरोबर एक डबी तोच आणायचा, न सांगता. स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये ती बावीस वर्षं खोल्या साफ करत होती. तीन मजले, अठ्ठावीस खोल्या, आणि लिफ्ट फक्त गिऱ्हाइकांसाठी. फरशीच्या औषधानं तिच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. त्या भरायच्या आणि दर सोमवारी पुन्हा उघडायच्या.

“छत्रीचे वेगळे पैसे?” तिनं कागदाकडे मान वळवून विचारलं. “ऊन काय त्यांच्या बापाचं आहे?”

“ऊन फुकट आहे गं. पैसे सावलीचे. एक छत्री, दोन खुर्च्या, अर्धा दिवस.”

“मी वाळूत बसेन.”

“बसू देत नाहीत. खुर्ची घेतलीच पाहिजे.”

टेबलावर प्रवास कंपनीची चकचकीत पुस्तिका उघडी पडली होती. पांढरी वाळू, निळं पाणी, वाकलेली नारळाची झाडं आणि त्यांच्याखाली पाय पसरून पडलेलं एक जोडपं. अख्ख्या पुस्तिकेत हातात झाडू असलेलं एकही माणूस नव्हतं. एवढी झाडं, एवढा वारा, आणि वाळूवर एक पान नाही. हे छापणाऱ्यांना वाटतं, वाळू आपोआप तशी राहते.

तीन वर्षांपूर्वी लेक त्या बेटावर नोकरीला गेली होती. त्याआधी दोन वर्षांचा हॉटेलचा कोर्स. त्याची फी भरायला आईनं लॉजच्या कामानंतर संध्याकाळी बँकेची दोन ऑफिसं झाडली आणि बापानं निवृत्तीच्या पैशाला हात घातला. पोरगी रिसेप्शनला लागली. काउंटरमागे उभं राहून काढलेला फोटो तिनं पाठवला होता. निळा कोट, छातीवर हॉटेलच्या नावाची पट्टी, ओठांवर बेताचं हसू. बापानं तो फोटो फ्रेम करून कपाटावर ठेवला होता. दूध टाकणाऱ्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो दाखवून झाला होता.

“कोट जरा ढगळ दिला,” एवढंच तो दर वेळी म्हणायचा.

सहा दिवसांतल्या चार रात्री ते बेटावरच्या गावातल्या साध्या लॉजवर काढणार होते. पण पहिल्या दोन रात्री लेकीच्या हॉटेलात. तिसरी ओळ ती होती, आणि उरलेल्या सगळ्या ओळी मिळून तिच्याएवढ्या होत नव्हत्या.

“दारातून आत जायचं,” तो म्हणाला, “बॅग खाली ठेवायची. तिनं आपलं नाव लिहून घ्यायचं, ‘या साहेब, कसा झाला प्रवास’ म्हणायचं आणि चावी द्यायची. मी म्हणणार, ‘मॅडम, समुद्र दिसेल अशी द्या हं.’ बस. मग मेलो तरी चालेल.”

“मरायचे पैसे कुठल्या ओळीत धरलेत?”

तो खो खो हसला. चार वाजले होते. लेकीची सुट्टी चार ते सव्वाचार. त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पेन उघडलं.

“बाबा, हॉटेलात नका ना राहू,” हे तिनं या महिन्यात चौथ्यांदा सांगितलं. “दोन रात्रींच्या पैशात पलीकडच्या किनाऱ्यावर आठवडाभर राहाल. तिथलं पाणीही चांगलं आहे.”

“पाणी बघायला नाही येत आम्ही. तुला बघायला येतोय.”

“माझी ड्युटी असेल. बोलायलासुद्धा मिळणार नाही.”

“नको बोलू. आम्ही गिऱ्हाईक म्हणून येणार. चावी दे, एवढंच काम.” त्यानं बायकोला डोळा मारला. “बरं, ते राहू दे. ‘इतर’मध्ये काय काय धरू? टीप किती द्यायची असते, कोणाला?”

हॉटेलचा विषय सुटल्यावर पोरगी मोकळी झाली. आवाज हलका झाला, भराभर सांगायला लागली.

“बॅग उचलणाऱ्याला वीस. वेटरला नको, बिलात लावलेलीच असते. आणि बाबा, खोलीच्या बाईला रोजच्या रोज ठेवा हं, शेवटच्या दिवशी एकदम नको. शेवटच्या दिवशी भलतीच कोणी येते आणि तिला मिळतात. टेबलावर नका ठेवू. सुपरवायझर आधी फिरून जातो, तो उचलतो. उशीखाली तर नकोच, चादरीबरोबर धुलाईत जातात. बाथरूममध्ये बेसिनवर दोन पेले असतात ना, त्यातला एक उपडा करा आणि त्याच्याखाली ठेवा. तिथं दुसरं कोणी हात घालत नाही.”

“वा!” तो लिहिता लिहिता म्हणाला. “अख्खं हॉटेल कोळून प्यायलीय पोरगी. ऐकतेस का गं?”

आईचं बोट मलमाच्या डबीत होतं ते तिथंच राहिलं.

फोन संपला. तो ‘इतर’ खोडून त्याजागी नीट अक्षरात ‘खोलीची बाई’ लिहीत होता. ती उठली, मोरीपाशी गेली आणि धुतलेलं पातेलं परत घासायला लागली.

पेल्याखालची जागा तिला स्वतःला कळायला चार वर्षं लागली होती. लॉजमधली एक म्हातारी बाई काम सोडून जाताना कानात सांगून गेली होती, दागिना द्यावा तसं. घरात तिनं हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं काय त्यात? आणि लॉजच्या काउंटरवरचा तो तेल लावलेला माणूस, नऊ वर्षं खुर्ची उबवतोय, त्याला कुठल्या खोलीत आरसा आहे हेही ठाऊक नाही. काउंटरवरच्यांना बेसिनवरचे पेले माहीत नसतात. त्यांच्यासाठी खोली म्हणजे खिळ्याला टांगलेली चावी.

तिला कोट आठवला. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. कोट ढगळ नव्हता, दुसऱ्या कोणाचा तरी होता. आणि बाह्यांत हात झाकले गेले होते.

पहिल्यांदा तिला राग आला तो पोरीचा. तीन वर्षं तोंडावर खोटं बोलली. मग राग आला कोर्सवाल्यांचा, ज्यांनी दोन वर्षांचे पैसे मोजून घेतले, सोनेरी किनारीचा कागद दिला आणि त्याबरोबर बादली मिळणार हे सांगितलं नाही. मग त्या गुळगुळीत पुस्तिकेचा. आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा, कारण पोरगी आठवीत असताना ती एकदा म्हणाली होती, “माझ्यासारखी झालीस तर तोंड दाखवू नकोस मला.” पोरीनं शब्द पाळला होता. तीन वर्षांत ती एकदाही घरी आली नव्हती.

पातेल्याला आता घासायला काही उरलं नव्हतं.

“अहो,” ती हात न पुसता टेबलाशी आली. “हॉटेल नको.”

“आता तुझं काय?”

“मला झोप लागायची नाही तिथं. चादरीला सुरकुती दिसली तर मी उठून अंथरूण घालत बसेन.”

“घाल ना. पैसे दिलेत, हवं तर घाल, नाहीतर तुडव.” तो हसला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. “तीन वर्षं साठवतोय मी. चहा सोडला दुपारचा. त्या दोन रात्रींसाठी सोडला, समुद्र गेला खड्ड्यात. एकदा, फक्त एकदा तिला त्या टेबलामागे उभी बघायची आहे. तुझ्या पोटात का दुखतंय?”

तिच्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य, आणि कपाटावरची फ्रेम खाली आली असती. तिनं फ्रेमकडे बघितलं, मग त्याच्याकडे. कानावर पेन, पुढ्यात पट्टी. तिनं फोन उचलला.

सव्वाचार व्हायला दोन मिनिटं होती. या वेळी तिनं स्पीकर लावला नाही.

“काय गं आई? आत्ताच तर बोललो.”

“एक विचारायचं राहिलं,” ती म्हणाली. “इथून येताना पिवळ्या डबीतलं मलम आणू का तुला?”

फोनमध्ये लांब कुठेतरी चाकांची गाडी फरशीवरून गेली, एक चाक करकरणारी. तो आवाज आईला पाठ होता. चादरींची गाडी. सगळीकडच्या गाड्यांचं एक चाक करकरतंच.

“आई...”

“तिकडचं औषध जास्त कडक असेल. रात्री लाव, वर जुने मोजे घाल. चिरा भरतात.”

मग बारीक आवाजात, लहानपणी ताप आल्यावर बोलायची तसं, “दोन आण.”

“सुट्टी कधी असते?”

“बुधवारी.”

“बरं. जा, वेळ झाली तुझी.”

तिनं फोन ठेवला आणि खुर्चीवर बसली.

“लिहा,” ती म्हणाली. “मलम. दोन डब्या.”

“मलम कशाला? तुझी डबी तर भरलेली आहे.”

“माझ्यासाठी नाही.”

त्यानं पेन टेकवलं. ‘मलम’ लिहिलं. दर त्याला तोंडपाठ होता, तोही लिहिला. मग नग लिहायला गेला आणि पेन तिथंच थांबलं. त्यानं टेबलावरच्या पिवळ्या डबीकडे बघितलं. मग बायकोच्या हातांकडे. बावीस वर्षं बघत होता ते हात. मग मान वर करून कपाटावरच्या फोटोकडे, फोटोतल्या लांब बाह्यांकडे, बराच वेळ. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती होत नव्हती.

त्यानं नगाच्या जागी दोन लिहिलं.

मग त्यानं पट्टी उचलली, तिसऱ्या ओळीवर ठेवली, दोन बोटांनी दाबली आणि हॉटेल खोडलं. रेघ सरळ आली. डेपोतल्या लोकांना नावं ठेवता आली नसती.

“महाग आहे ते,” तो म्हणाला. “खाटा पुस्तिकेत दिसतात तशा नसतातही. सुट्टी कधी म्हणाली?”

“बुधवारी.”

“मग तारखा बुधवार धरून काढू.”

‘खोलीची बाई’ तशीच राहिली. ती ओळ त्यानं खोडली नाही, फक्त पुढचा आकडा वाढवला. पट्टी खाली सरकवून छत्रीच्या ओळीशी आणली आणि दोन खुर्च्यांच्या तीन केल्या.