मूळ लेखकाच्या परवानगीने

‘विंडोज पूर्णपणे बंद झालेलं नाही, या पार्टिशनवर काही लिहू नका,’ असं काळ्या पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ आलं होतं. प्रियदर्शनीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होतं, ती लिनक्समध्ये होती; तिने ते वाचलं आणि सोडून दिलं. कारण बाजूच्याच खिडकीत मराठी लिनक्स मंडळाचं माहितीपान उघडं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, ‘असा इशारा आल्यास घाबरू नये. खालील आदेश द्यावा, पार्टिशन उघडेल.’

उघडलंही. तिने मोबाइलमधले लेकीचे, मिनूचे, व्हिडिओ त्या पार्टिशनवर, म्हणजे विंडोजच्या डी ड्राइव्हवर टाकले, आणि मोबाइल गच्च भरला होता म्हणून तिथले पुसून टाकले. सकाळी नवऱ्याने, अश्वजितने, विंडोज लावलं. डिस्क तपासतोय, डिस्क तपासतोय म्हणत ते बराच वेळ बसलं. मग डी ड्राइव्ह उघडला, त्यात मिनूचा फोल्डर नव्हता.

ते वाढदिवसाचे व्हिडिओ नव्हते. दोन वर्षांच्या मिनूला झटके येत होते. खेळता खेळता नजर एका जागी ठरायची आणि डावा हात उडायला लागायचा. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘नुसत्या सांगण्यावरून औषध ठरत नाही. झटका मला दिसला पाहिजे. व्हिडिओ आणा.’ पोरीला धरायचं सोडून आई मोबाइल धरून उभी राहिली होती. ते सगळं गेलं. नांदेडहून ती रिकाम्या हाताने डॉक्टरांपुढे जाऊन बसली, तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, ‘बरं, मग पुढचा आला की काढा.’

तेव्हापासून ती पुढच्याची वाट बघत होती. येऊ नये म्हणून जीव टांगणीला, आणि त्याचीच वाट.

संगणकात बी.एस्सी. झालेली बाई, चूक कुठे झाली ते तिने शोधून काढलं. हल्लीचं विंडोज बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही. सकाळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपतं, आणि डिस्कवर कुठे काय ठेवलंय ते आपल्या डोक्यात धरून ठेवतं. त्या झोपेत लिनक्समधून कुणी सामान आत ठेवलं, तर उठल्यावर विंडोज आपल्या जुन्या आठवणीप्रमाणे घर लावतं, आणि नवं सामान गायब होतं. मंडळाचं पान होतं बंद म्हणजे बंद असायचं तेव्हाचं. औश्याच्या सिद्धेश्वर सरांनी लिहिलेलं, आणि तेव्हापासून कुणी हात न लावलेलं.

तिने ते दुरुस्त केलं. संध्याकाळच्या आत दुरुस्ती पुसली गेली.

पुसणारे बजरंग सर. लातुरात त्यांचा संगणकाचा क्लास होता आणि दारावर क्लासच्या नावापेक्षा मोठा त्यांचाच फोटो. मंडळाच्या ग्रुपवर ते म्हणाले, ‘मॅडम, मंडळाचा नियम आहे. मूळ लेखकाच्या परवानगीशिवाय पानाला हात लावायचा नाही. सरांचा मान राहिला पाहिजे.’

‘पानामुळे लोकांचा डेटा जाऊन राहिला, सर.’

‘आमच्या पोरांचा कसा जात नाही? तुमचीच काहीतरी गडबड झाली असंल. लेकराबाळाच्या घाईत होतं असं.’

त्यावर हसऱ्या तोंडांचं पीक आलं. यांच्यातल्या एकानेही पान उघडून चालवून बघितलेलं नव्हतं, हे तिला लख्ख दिसत होतं. यांना मशीन नको होतं, मेळावा हवा होता. दरवर्षी मेळाव्यात सरांच्या नावाची रिकामी खुर्ची मांडायची, तिच्यावर शाल घालायची, फोटो काढायचा आणि जेवायला बसायचं.

‘तू कशाला भांडून राहिलीस त्या रिकाम्या लोकांशी?’ अश्वजित म्हणाला.

‘कारण उद्या दुसरी कुणीतरी तेच पान उघडून बसंल.’

‘मग घे की परवानगी.’

तिने ग्रुपवर सरांचा नंबर मागितला. एकाजवळही नव्हता. ज्यांचा मान राखायचा, त्यांचा नंबर नाही! शेवटी औश्याच्या ज्या शाळेत ते शिकवायचे, तिथल्या शिपायाने दिला. दुपारी मिनू झोपल्यावर तिने फोन लावला. पलीकडे बाईमाणूस होतं.

‘मी त्यांची मालकीण, केवळाबाई. सर न्हाई बोलत आता, बाई. लकवा मारलाय. डाव्या हातानं खुणा करतेत तेवढ्याच.’

प्रियदर्शनी म्हणाली, ‘मी लिनक्स मंडळातली...’

‘हाव का? मंडळातलं कुणी आलं न्हाई बगा कदी. शाल येती दरसाली, कुरियरनं. त्यातली एक ह्यांच्या पायावर टाकलीय. थंडी लई वाजती ह्यान्ला. तुमचं काय काम व्हतं?’

‘सरांनी लिहिलेल्या एका पानात बदल करायचाय. विचारता का त्यांना?’

‘थांबा, फोन कानाला लावते. तुमीच बोला.’

पलीकडे जड श्वास ऐकू आला. तिने सगळं सांगितलं. झोपलेलं विंडोज, इशारा, आदेश. मिनूचं सांगायचं नव्हतं, तेही तोंडून निघून गेलं. श्वास थांबला, मग घशातून एक आवाज आला, लांबलचक.

केवळाबाई फोनवर आल्या. ‘मान हालवून राहिले. करा म्हनतेत. पन बाई, रडून राहिले वो. असं काय सांगितलंत?’

‘त्यांना सांगा, तेव्हा पान बरोबर होतं,’ ती घाईने म्हणाली. ‘त्यांनी लिहिलं तेव्हा एकदम बरोबर होतं. नंतर बघायचं काम आमचं होतं.’

त्याच बैठकीत तिने पान पुन्हा लिहिलं. जुना आदेश काढला. विंडोज शिफ्ट दाबून बंद करा, लवकर उठायची सोय कायमची काढून टाका, इशारा आला तर तिथेच थांबा. खाली टाकलं : मूळ लेखकाच्या परवानगीने.

बजरंग सरांचा संदेश लगेच आला. ‘परवानगी लेखी आहे का?’

‘नाही,’ तिने लिहिलं. ‘सरांचा उजवा हात चालत नाही. तुम्हाला ठाऊक असेलच.’

मग जोडलेल्या हातांची चित्रं यायला लागली, एकाखाली एक. कधी झालं, कसं झालं, कुणी विचारलं नाही. बजरंग सरांनीही हात जोडले. त्यांच्या क्लासपासून औसा अर्ध्या तासावर.

पान मात्र पुन्हा कुणी पुसलं नाही.

मिनू उठून खेळायला लागली होती. रिकामा केलेला मोबाइल प्रियदर्शनीने व्हिडिओ चालू करून डब्याला टेकवून तिच्याकडे रोखून ठेवला, आणि तिच्यावर एक डोळा ठेवूनच पानाच्या तळाशी आणखी चार ओळी लिहिल्या :

‘हे पान सिद्धेश्वर सरांनी लिहिलं. ते औश्यात असतात. लातूर-सोलापूर रस्त्याने जाणार असाल तर उतरा, त्यांच्या जुन्या शाळेत विचारलं तर घर दाखवतील. त्यांना बोलता येत नाही, पण समजतं सगळं. शाल नेऊ नका. थोडा वेळ बसा, नवीन मशीनचं काहीबाही सांगा, आणि ते कसे आहेत ते इथे खाली कळवा.’